तुझ्या गाडीचा मागचा दिवा

माय, तुझ्या गाडीवरची ताडपत्री मी या दसऱ्याच्या सुटीत काढली. काढायची असं काही ठरवलं नव्हतं. धाकट्या भावाचा हैदराबादहून फोन आला होता, की अंगणातलं टिनाचं शेड पाडू, तो इचोड्याला येतो तेव्हा त्याची कार रस्त्यावर उभी राहते, आणि आत गंजत पडलेली मोटरसायकल आता तरी भंगारात देऊन टाकू. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वीस वर्षं होत आली. भंगारवाला हातगाडी घेऊन आला, त्यानं ताडपत्रीचं एक टोक उचललं, आणि ओट्यावर खुर्चीत बसलेल्या बाबांनी असा आवाज काढला की तो माणूस टोक सोडून मागं सरला. बाबांचा डावा हात गाडीच्या मागच्या मडगार्डकडं, लाल काचेकडं धरलेला होता. "पाह्य," ते म्हणाले. "ते... पाह्य." अलीकडं ते महिनोन् महिने बोलत नाहीत, आणि बोलले तरी ते पाणी किंवा संडास यापलीकडं जात नाही. मी भंगारवाल्याला नंतर या म्हणून परत पाठवलं. मग ताडपत्री पूर्ण काढली आणि तुझ्या गाडीच्या मागं, मातीत, मांडी घालून बसले. बाबा काय पाहायला सांगत होते ते मला विचारावं लागलं नाही.

त्यांना लकवा मारला तेव्हा मी नववीत होते. उटनूरच्या ऑफिसात कारकुनी करणारा माणूस, अक्षर असं की बाकीचे त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे, आणि एका सकाळी दाढी करताना त्यांची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, आणि बोलणंही गेलं. गाडी त्यांचीच. ती काही महिने भिंतीला टेकून उभी होती आणि तू नर्सच्या कामाला तुझ्या उपकेंद्राकडं, जंगलाकडच्या गावांकडं, कधी बसनं, कधी कुणाच्या तरी बैलगाडीतून जात होतीस. बाळंतपण आधी होऊन जायचं आणि तू नंतर पोचायचीस. एकदा अशीच संध्याकाळी परत आलीस, हातपाय धुतले नाहीस, तशीच गाडीपुढं उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी शिकतो हे." आपल्याकडं बायकाही करतो, जातो म्हणतात, पण त्या दिवशी ते ऐकताना मला वाटलं की घरात दुसराच कोणी बोलला.

कापसाच्या मंडीचं मैदान मोकळं असायचं त्या दिवसांत तू तिथं शिकलीस. दवाखान्यातला कंपाउंडर मागून धरायचा. साडीचा काष्टा मारून पाहिलास, तो चाकात गेला. मग पंजाबी ड्रेस शिवलास आणि त्यावर पांढरा कोट घातलास. पडलीस, गुडघे फुटले, आणि स्वतःच आयोडीन लावून पुन्हा उभी राहिलीस. बाजारात लोक दुकानाच्या पायऱ्या उतरून बघायला यायचे. तुझ्या सासरकडची माणसं बेल्याहून आली तेव्हा त्यांनी तुझ्याशी नाही, बाबांशी बोलायचा प्रयत्न केला, की हिला आवरा. आणि बाबांनी त्यांच्याकडं पाहून डावा हात हवेत हँडल धरल्यासारखा पिळला आणि हसले. आजारानंतर ते हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पावसाळ्यात गाडी सुरू व्हायची नाही, मग तू प्लग काढून आणायचीस आणि तो गॅसवर तापवायचीस. एका शेगडीवर भाकरी आणि दुसऱ्या शेगडीवर चिमट्यात धरलेला प्लग. आपल्या स्वयंपाकघराला त्या दिवसांत पेट्रोलचा वास यायचा, आणि तो भाकरीलाही यायचा, आणि आम्ही दोघं भावंडं नाक मुरडत खायचो.

पण मला सांगायचं आहे ते सकाळचं. गाडी अंगणात तोंड फाटकाकडं करून उभी असते, बाबांची खुर्ची तू ओढून बरोबर गाडीच्या मागं ठेवलेली असते. तू बसतेस, चावी फिरवतेस, उजव्या पायानं ब्रेकचा पायडल दाबतेस आणि मागं न पाहता विचारतेस, "लागला का जी?" बाबा वर पाहतात. तोंड वाकडं होतं, मानेच्या शिरा ताणतात. पहिले काही महिने नुसतं "ला" येतं. मग "लाला." तू पाय दाबून धरून तशीच बसून राहतेस, उशीर होतो, तरी बसून राहतेस. त्यांचा शब्द पूर्ण झाला त्या दिवशी, "लागला" असं स्पष्ट ऐकू आलं त्या दिवशी, तू फक्त किक मारलीस आणि गेलीस. पण फाटकाबाहेर वळताना तुझा एक हात डोळ्याकडं गेला होता. बसणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा दिसत नाही, तो दुसऱ्यानंच सांगावा लागतो. तुला त्यांच्याकडून रोज एक शब्द हवा होता आणि त्यासाठी हे निमित्त चांगलं होतं.

एकदा मी मध्ये बोलले. पाऊस येईल असं वाटत होतं, तुला लांब जायचं होतं, बाबांचं "ला, ला" चाललेलं होतं, आणि मी दारातून ओरडले, "लागला व माय, जाय." तू गाडीवरून उतरलीस. स्टँड लावलास. माझ्यापर्यंत चालत आलीस.

"तुले इचारलं का मी?"

मी दारातून एक पाऊल मागं सरकले.

"त्याईले इचारलं. त्याईच्या तोंडातला घास काऊन काढून घेतं व?"

मग परत जाऊन बसलीस, पुन्हा पायडल दाबलास, पुन्हा त्याच आवाजात विचारलंस. त्या दिवशी तू भिजतच गेली असशील.

आता तो दिवस. तोही सकाळी तसाच सुरू झाला. मी कॉलेजच्या सुटीत घरी होते, वेणी घालत दारात उभी होते. तू विचारलंस, ते म्हणाले, "लागला." एका दमात, सहज. एवढं मला आठवतं. दिव्याकडं मी पाहिलं नव्हतं, पाहायचं काही कारणच नव्हतं. दुपारी लसींचा डबा घेऊन तू मोठ्या रस्त्यानं परत येत होतीस. तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा चार पदरी नव्हता. नागपूरच्या लॉऱ्या आणि आपल्या बैलगाड्या एकाच डांबरावरून जायच्या. समोरून शेळ्यांचा कळप आडवा आला. तू ब्रेक दाबलास. मागच्या लॉरीवाल्यानं शेवटच्या घडीला स्टिअरिंग वळवलं, पण लॉरीचा कोपरा तुझ्या उजव्या हँडलला लागला. आदिलाबादच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. शेळ्या सगळ्या वाचल्या, हे कुणीतरी मला त्याच दिवशी सांगितलं, आणि का सांगितलं ते मला आजवर कळलं नाही.

तो ड्रायव्हर पळाला नव्हता. ठाण्यात बाकावर बसून रडत होता. मामा मला घेऊन गेले तेव्हा तो माझ्या पायाशी वाकला आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "मैडम ने ब्रेक कब मारे, समझाच नहीं बेटा, लाइट का कुछ समझाच नहीं." गाडीची बॅटरी फुटून पाणी सांडलं होतं, त्यामुळं तिथं दिवा कुणी लावून पाहू शकलं नाही, मागची लाल काच मात्र जशीच्या तशी होती, तिला ओरखडाही नव्हता. घरी आल्यावर माणसांत बोलणं निघालंच. मामा वाईट माणूस नव्हते, दुःखात होते, ओट्यावर बसून म्हणाले, "लाइटच लागला नाई म्हंते तो. मंग त्यानं तरी काय करावं?" बाबा आत खाटेवर होते. दार उघडं होतं. मी आत गेले तेव्हा ते जमिनीकडं पाहत होते आणि ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. तो शब्द त्यानंतर त्यांनी कधी उच्चारला नाही. घरात दिवा लागो, चूल लागो, कुणाला ठेच लागो, तो शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. बाकीचे शब्दही मग एकेक करून गेले. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की ते काय धरून बसले आहेत, आणि आमच्यापैकी कुणीही ते त्यांच्याजवळ बोललं नाही, कारण बोलून सांगणार काय होतो?

म्हणून मी गाडीच्या मागं बसले. नवीन बॅटरी आणली. चावी फिरवल्यावर हॉर्न चिरका वाजला, म्हणजे करंट होता. पायडल दाबला, वाकून मागं पाहिलं, दिवा अंधारा. बल्ब काढला. त्यात दोन तारा असतात, एक रोजच्या मागच्या दिव्याची आणि दुसरी ब्रेकची. उजेडाकडं धरून पाहिलं तर दोन्ही शाबूत. त्या बल्बकडं मी किती वेळ पाहत बसले होते कोण जाणे. तो गेलेला नव्हता, माय. निदान तुझ्या त्या दिवशी बल्ब गेलेला नव्हता. मग बाजारात पार्टच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "पुरानी गाडी है तो पहले होल्डर घिसो मैडम, फिर वायर देखो, स्विच आखिर में." त्याप्रमाणं होल्डरमधला हिरवा गंज पॉलिश पेपरनं घासला. तरी अंधारच. मडगार्डखालची वायर चाचपली तर उंदरांनी खाल्लेली निघाली. ती सोलून, पिळून, टेप लावून जोडली. हे उंदीर शेडमधले, वीस वर्षांतले, त्यांचा तुझ्याशी संबंध नाही. बाबा रोज ओट्यावरून पाहत होते. शेवटी ब्रेकच्या स्विचकडं जाणाऱ्या दोन वायरी सोडवून एकमेकींना टेकवल्या आणि मागं लाल उजेड पडला. म्हणजे बॅटरीपासून बल्बपर्यंत आता सगळं ठीक होतं, आणि राहिला होता तो फक्त स्विच.

स्विच पायडलच्या वर, उजव्या बाजूला, बोटाएवढा. पायडल आणि स्विच यांच्यामध्ये एक बारीक स्प्रिंग असते. पाय दाबला की ती स्विचची दांडी खाली ओढते आणि दिवा लागतो. तुझ्या गाडीला तिथं स्प्रिंग नव्हती. चिखलाचा थर काढला तेव्हा दिसलं की स्प्रिंगच्या जागी रबराची नळी बांधलेली आहे. सलाइन लावताना दंडाला आवळतात ती तपकिरी नळी, तिचा तुकडा, दोन्ही टोकांना तुझ्या हातची गाठ. तू बँडेजला मारायचीस तशी, चपटी. माझं बोट लागताच ती लाकडासारखी तुटली.

तू जंगलातल्या कुठल्यातरी रस्त्यावर स्प्रिंग तुटलेली पाहिली असशील, पिशवीत जे होतं त्यानं काम भागवलं असशील, आणि दिवा लागतो म्हणून तशीच राहू दिली असशील. कधी, किती दिवस आधी, मला माहीत नाही. घरात तू कुणाला सांगितलं नव्हतंस. मी मेडिकलमधून तसलीच नळी आणली आणि तसाच तुकडा बांधून पाहिला. सैल बांधला तर दाबल्यावर दिवा लागला, सोडल्यावर विझला, सगळं व्यवस्थित. जरा ताणून बांधला, तर मी चावी फिरवल्याबरोबर दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. पायडल दाबला तरी तेवढाच लाल, सोडला तरी तेवढाच. मी तिथंच बसून राहिले. म्हणजे तू सकाळी विचारत असशील, बाबा मान वर करून पाहत असतील, त्यांना लाल दिसत असेल आणि ते खरंच सांगत असतील. आणि मागून येणाऱ्या लॉरीवाल्याला तोच लाल दिवा पहिल्यापासून दिसत असेल, तू ब्रेक मारण्याच्या आधीपासून, आणि त्याला काहीच समजत नसेल. तोही मग खरंच सांगत होता. किंवा तू सैल बांधली होतीस, दिवा वेळेवर लागला होता आणि त्याचं लक्ष नव्हतं. जुनी नळी माझ्या हातात तीन तुकडे होऊन पडली होती. ती किती ताणलेली होती, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

धाकट्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, बाबाले हे रबराचं सांगू नोको. लाइट बराबर होता मनून सांगून टाक. सुटतील बिचारे." मलाही तेच बरोबर वाटलं. मी नवीन स्प्रिंग आणून बसवली, नळीचे तुकडे उचलून टाकले, आणि बाबांची खुर्ची पूर्वीसारखी गाडीच्या मागं ओढून नेली. गाडीवर बसले. मला गाडी येत नाही, पण बसले. तुझा तो प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही. पायडल दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि उतरून त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"बाबा, मी सगळं पाह्यलं. बल्ब चांगला होता. स्विच चांगला होता. वायर उंदरानं खाल्ली होती, ते मागून, शेडात. त्या दिवशी लाइट बराबर लागत होता. तुमी बराबर सांगतलं होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं की ते रडतील. इतकी वर्षं मी त्या रडण्याची वाट पाहत होते असंच म्हण. पण त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, जणू मी एखादं गणित चुकीचं मांडलं आहे. तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि बऱ्याच धडपडीनंतर शब्द बाहेर आला.

"मंग?"

मी लाल काचेकडं बोट दाखवलं.

"मंग... काऊन?"

माय, मी त्यांचं ओझं उतरवायला गेले होते. पण त्या ओझ्यातच त्यांचं उत्तर होतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. 'मी चुकीचं सांगितलं म्हणून ती गेली,' हे त्यांना सोसत नव्हतं, तरी त्याला काहीतरी कारण होतं. मी ते काढून घेतलं. आता दिवा लागत होता, त्यांनी बरोबर सांगितलं होतं, तू सांभाळून चालवत होतीस, आणि तरी तू गेलीस. तेव्हापासून ते कारण विचारत असतात. अंघोळ घालताना, घास भरवताना, मी शाळेत शिकवायला निघताना, "काऊन?" मी सांगते, लॉरीवाल्याचं लक्ष नव्हतं. ते मान हलवतात. मी सांगते, शेळ्या आडव्या आल्या. ते मान हलवतात. हल्ली ते रात्री झोपत नाहीत, जेवणही तुटलं आहे. डॉक्टर म्हणतात वय झालं. धाकटा म्हणतो, आता रबराचं सांगून पाहू का? मी नको म्हटलं. ते सांगितलं तर त्यांना कारण मिळेल, पण मग ते कारण तू असशील; आणि ते खरं आहे की नाही, हेही मला माहीत नाही.

गाडी शेडमध्येच आहे. मी तिच्यावर पुन्हा ताडपत्री घातली. भंगारवाल्याला बोलावलं नाही, धाकट्यानंही विषय काढला नाही.

आज रविवार आहे. बाबांना आत्ता कुठं डोळा लागला आहे म्हणून हे लिहायला बसले. तुला सांगायचं ठरवलं होतं ते एवढंच, की दिवा दुरुस्त झाला. पण लिहिता लिहिता दुसरंच मनात आलं. पौर्णिमेला विहारातल्या बायका तुझी आठवण काढतात, सिस्टरसारखी बाई झाली नाही म्हणतात, आणि मी हात जोडून ऐकते. शाळेतल्या नव्या मास्तरणी मला तुझ्या नावानं ओळखतात. या घरात वीस वर्षांत तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द कुणी काढला नाही. मला तुझा राग आला आहे, माय. स्प्रिंग इथं बाजारात मिळत होती. आमच्यापैकी कुणालाही सांगितलं असतंस तर कुणीही आणली असती. हे मी धाकट्याजवळ बोलले नाही, बाबांजवळ बोलणार नाही, आणि तू समोर असतीस तर तुझ्याजवळही बोलले नसते.